अजून वीस मिनिटं

कळसूबाईच्या वाटेवर खाली उतरणारा माणूस कधीच खरं बोलत नाही. एरवी तो सरळमार्गी असेल, कर वेळेवर भरत असेल, दुकानदाराने चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत करत असेल. पण कळसूबाई उतरताना समोरून कोणी घामाघूम होऊन विचारलं, "दादा, अजून किती?" की तो क्षणाचाही विचार न करता सांगतो, "आलंच की! वीस मिनिटं."

पहिल्या शिडीच्या खाली विचारा, वीस मिनिटं. त्याच्या पुढची शिडी चढून विचारा, वीस मिनिटं. वरच्या विहिरीपाशी पोचून, शेवटची शिडी डोळ्यांसमोर असताना विचारा, तरी वीसच. बारी गावातून शिखरावर जायला बेताच्या चालीच्या माणसाला तीन-साडेतीन तास लागतात. त्याचे वीस-वीस मिनिटांचे जे दहा तुकडे पडतात, त्यातला प्रत्येक तुकडा शेवटचाच असतो.

यात वाईट हेतू नसतो. सांगणाऱ्यालाही चढताना कोणीतरी हेच सांगितलेलं असतं आणि त्याच आशेवर तो वर गेलेला असतो. शिवाय त्याचा हिशेब उतरणीचा असतो. समोरच्याला चढायचं आहे हा तपशील उतरणाऱ्याच्या गुडघ्यांनी कधीच मागे टाकलेला असतो. एकदा एका गृहस्थांना मी "अजून दीड तास आरामात लागेल" असं खरं उत्तर देताना ऐकलं होतं. ज्यांनी विचारलं ती मंडळी तिथेच बसली, डबे उघडले, पुऱ्या-बटाट्याची भाजी संपवली आणि तिथूनच माघारी फिरली. खरं बोलण्याने कोणी शिखरावर पोचल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता मुळात एवढी माणसं या वाटेला का लागतात? माझ्या मते याचं उत्तर चौथीच्या स्कॉलरशिपच्या तयारीत आहे. 'महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?' हा प्रश्न मराठी माणसाला चौथीत भेटतो, मग तलाठ्याच्या परीक्षेत भेटतो, मग एमपीएससीला भेटतो आणि शेवटी मुलाचा अभ्यास घेताना पुन्हा भेटतो. कळसूबाई, १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. आयुष्यभर या बाईच्या जिवावर हक्काचा एक मार्क मिळवलेला असतो. निदान एकदा जाऊन भेटून यावं असं वाटणारच.

दुसऱ्या क्रमांकाचं साल्हेर बिचारं बागलाणात उभं आहे. १५६७ मीटर, म्हणजे फक्त ७९ मीटरने हुकलं. तो नुसता डोंगर नाही, किल्ला आहे. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात धूळ चारली. एवढा बायोडेटा असूनही रविवारी साल्हेरच्या वाटेवर कळसूबाईच्या पासंगालाही पुरेल एवढी गर्दी नसते, कारण परीक्षेत दुसरा नंबर कोणी विचारत नाही. कळसूबाईवर मात्र ना तटबंदी, ना लढाई. तरी दर रविवारी कोणीतरी शेवटच्या शिडीवरून विचारतोच, "हा किल्ला नेमका कोणी बांधला?" आणि त्याच्याहून मोठा धीराचा एकजण उत्तरही देतो.

काही लोक कळसूबाईला 'महाराष्ट्राचं एव्हरेस्ट' म्हणतात. एकावर एक पाच कळसूबाया रचल्या तरी एव्हरेस्टला सहाशे मीटर कमी पडतात. पण स्टेटस टाकायला कॅल्क्युलेटर लागत नाही. त्यापेक्षा मला दुसरी तुलना आवडते. ज्या साहेबांनी इथे येऊन आपल्यावर राज्य केलं, त्यांच्या अख्ख्या बेटावर कळसूबाईएवढा डोंगर नाही. स्कॉटलंडमधलं त्यांचं सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५ मीटरवर संपतं. वेल्सचं स्नोडन तर १०८५ मीटर, आणि त्यावर १८९६ पासून आगगाडी जाते. वर कॅफे आहे. तिकीट काढायचं, शिखरावर उतरायचं, चहा प्यायचा, परत यायचं. आपल्याकडेही वर चहा मिळतो. लोकल तेवढी कसाऱ्याला संपते.

कसाऱ्याला संपते म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मंडळींचा ट्रेक खऱ्या अर्थाने तिथेच सुरू होतो. पण त्याआधीचा एक टप्पा असतो, तो घरात. शनिवार-रविवार जोडून येतो. पंखे पुसायचे असतात. माळ्यावरचा पसारा काढायचा असतो. दळण आणायचं असतं, सोसायटीची मीटिंग असते आणि चुलत सासऱ्यांकडे सत्यनारायण असतो. नेमक्या अशाच वेळी नवऱ्याला निसर्ग हाक मारतो. मला या हाकेविषयी आदर आहे. फक्त ती माळा रिकामा असताना कधी आलेली मी ऐकलेली नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप निघतो. नावात 'सह्याद्री' किंवा 'भटके' यातलं एक काहीतरी असतंच. पहिल्या दिवशी चाळीस जण अंगठा दाखवतात. गुरुवारपर्यंत पंधरा उरतात. शुक्रवारी रात्री दोघांना ताप येतो, एकाच्या मेव्हण्याचा साखरपुडा निघतो आणि शनिवारी रात्री कसारा लोकलमध्ये सात जण भेटतात. त्यात दोघं कोण आहेत हे उरलेल्या पाचांना माहीत नसतं. प्रत्येकाला वाटतं, ते दुसऱ्याचे मित्र असतील.

घराला पाठ दाखवून निघालेली ही माणसं सोबत काय घेतात हे एकदा जवळून पाहण्यासारखं असतं. माझ्या समोर एका काकांनी बारीच्या अंगणात सॅक उघडली होती. आधी निघाला स्टीलचा चारपुडी डबा. मग थर्मास, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बाटली (तिचं झाकण सुटलं होतं, त्यामुळे पुढची प्रत्येक वस्तू कैरीच्या खारात न्हालेली होती). मग केळी, बेडशीट, फुगवायची उशी, आयोडेक्स, ओआरएसची पाकिटं, जुन्या पेपरांचा गठ्ठा आणि अगदी तळाशी घडी होणारी खुर्ची. "खुर्ची कशाला?" मी विचारलं. म्हणाले, "गुडघे आहेत ना." गुडघ्यांना जपण्यासाठी चार किलोंची खुर्ची पाठीवर घेऊन नऊशे मीटर उंची चढायची, यातला तर्क मला उतरताना समजेल असं वाटलं होतं. तेव्हाही समजला नाही. पण वर पोचल्यावर त्याच खुर्चीवर बसायला रांग लागली होती, हे मात्र सांगितलं पाहिजे.

बारी हे अकोले तालुक्यातलं गाव. जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे जुनं नगर. भंडारदऱ्याला जाताना लागतं. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. १९८६ साली घोषित झालेलं हे अभयारण्य ३६१ चौरस किलोमीटरांवर पसरलं आहे. त्यात बिबट्या आहे, भेकर आहे, आपला राज्यप्राणी शेकरू आहे. कारवी आहे, जी सात वर्षांनी एकदाच फुलते. पावसाच्या तोंडावर काजव्यांनी झाडं लखलखतात. रविवारच्या ट्रेकरला यातलं काय दिसतं? पुढच्याची टाच. शेकरूला ब्लूटूथ स्पीकरचा आवाज अर्ध्या कोसावरून येतो आणि ते शहाणं असल्यामुळे पलीकडच्या सोंडेवर निघून जातं. मागे राहतात ती माकडं. त्यांचं मात्र आपल्याशी जमतं. त्यांना चिप्सची पाकिटं कुठल्या कप्प्यात असतात हे माहीत आहे, आणि काही जुनीजाणती माकडं तर चेन उघडतात.

गावाबाहेर भातखाचरांच्या बांधावरून वाट निघते, ओढा ओलांडते आणि चढणीला लागते. इथपर्यंत सगळ्यांचे फोटो हसरे असतात. पहिल्या अर्ध्या तासात समाजाचे थर पडतात. सर्वांत पुढे तो पोरगा, जो अख्ख्या वाटेवर शिट्टी वाजवत पळतो आणि प्रत्येक वळणावर थांबून "चला चला, लवकर!" म्हणतो. मधल्या फळीत गप्पा मारणारे. त्यांच्या गप्पा पहिल्या चढाला राजकारणावर असतात, दुसऱ्या चढाला गुडघ्यावर येतात आणि तिसऱ्या चढाला नुसते हुंकार उरतात. सर्वांत मागे जो असतो तो म्हणतो, "तुम्ही व्हा पुढे, मला निसर्ग बघत बघत यायला आवडतं." त्याची पोटरी धरून आलेली असते. डोंगरावर निसर्गाचा सर्वांत बारकाईने अभ्यास धाप लागलेली माणसंच करतात. प्रत्येक दहा पावलांना त्यांना एखादं रानफूल सापडतं.

कपड्यांविषयी काय बोलावं! डेकॅथलॉनच्या दुकानातलं बरंचसं सामान दर रविवारी बारीतून वर जाऊन परत येतं. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, दोन्ही हातांत काठ्या, डोक्यावर दिवा, पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी. असा एक नखशिखान्त सजलेला वीर मुरमाच्या घसाऱ्यावर चारी पायांनी सरकत असतो. आणि त्याच्या बाजूने गावातली एक आजी, नऊवारीचा काष्टा, पायात रबरी चपला, डोक्यावर लाकडाचा भारा, एका हाताने पदर सावरत उतरून येते. "बाजूनं बाजूनं, पोरा," एवढंच म्हणते. त्या वाक्यात उपहास नसतो. असता तर बरं झालं असतं.

आता शिड्या. कळसूबाईचे कडे जिथे सरळ उभे राहतात तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. त्याआधी लोक साखळदंड धरून चढायचे. साखळ्यांच्या काळात वर जाणारा बहुतेक नवस फेडायला जायचा. शिड्या आल्यावर नवस नसलेलेही जाऊ लागले. रविवारी पहाटे चारच्या सुमाराला सूर्योदय गाठणारे, रात्रीत उतरणारे, मधेच बसलेले आणि आता काय करावं हे न सुचलेले असे सगळे एकाच शिडीशी भेटतात. शिडीच्या मधोमध हमखास एक गृहस्थ अडकतात. त्यांना वर जायचं नसतं, खाली बघायचं नसतं. त्यांनी कठडा असा धरलेला असतो की तो काढून न्यायचा तर त्यांनाही न्यावं लागेल.

"काका, चला, एकेक पाय टाका."

"टाकतो. घाई करू नका."

"मागे साठ माणसं आहेत."

"मग त्यांना सांगा ना घाई करू नका!"

आणि याच नाट्यमय क्षणी खालच्या पायरीवरून काकूंचा आवाज येतो, "अहो, सिलिंडरचा नंबर लावलात का? परवा संपणारे." काका कडा विसरतात, उंची विसरतात, खाली वळून बघतात आणि म्हणतात, "तू लावणार होतीस ना?" पुढचं संभाषण साठ माणसं ऐकतात. ते संपेपर्यंत काका बोलता बोलता शिडी चढून गेलेले असतात. गिर्यारोहणाच्या अभ्यासक्रमात ही युक्ती घ्यायला हरकत नाही.

शिड्यांवरच्या गर्दीचा प्रश्न फक्त आपलाच आहे असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हाफ डोम नावाचा एक प्रचंड गुळगुळीत कातळ आहे. त्याच्या शेवटच्या चढाला १९१९ साली पोलादी दोर बसवले. दोर आले तशी माणसं आली, माणसं आली तशी कोंडी झाली. शेवटी २०१० पासून तिथे परवाना सुरू झाला आणि आता दिवसाला सुमारे तीनशे जणांनाच सोडतात. त्यासाठी लॉटरी असते. तिकडे कंप्युटरवर पोट भरणारी आपली मराठी मुलं मार्च महिन्यात अर्ज भरतात आणि निकालाची वाट बघतात. डोंगर चढायला लॉटरी लागावी लागते, हे मी बारीत चहाच्या टपरीवर सांगितलं. टपरीवाल्याने दूध उतू जाऊ दिलं नाही, पण थांबला. "आणि ज्याला लागत न्हाई तो?" "तो घरी बसतो." त्याने थोडा विचार केला. "मंग लॉटरी त्यालाच लागली म्हनायची."

त्या टपऱ्यांबद्दल मात्र मी एक अक्षर वाकडं ऐकून घेणार नाही. बारीपासून वरपर्यंत ठिकठिकाणी बांबू आणि ताडपत्रीचे आडोसे आहेत. ताक, लिंबू सरबत, मीठ-तिखट लावलेली काकडी, कांदाभजी, मॅगी, आणि चुलीवरचं पिठलं, भाकरी, ठेचा. हे सगळं खालून वर येतं ते माणसाच्या डोक्यावरून. पीठ, तेल, कांदे, पाण्याचे कॅन. तीस लिटर पाणी म्हणजे तीस किलो, हे गणितही चौथीतलंच. पण ते डोक्यावर घेऊन शिडी चढायची असा प्रश्न पेपरात येत नाही. तरीही दर रविवारी एक तरी ग्राहक ताकाचा पेला हातात धरून, अर्धा पिऊन झाल्यावर विचारतो, "खाली तर निम्म्या भावात आहे?" एका ताईंनी त्याला मान वर न करता उत्तर दिलं होतं, "मंग खालीच प्यायचं व्हतं ना, दादा." मी यापेक्षा सोप्या भाषेत वाहतूक-खर्च समजावून दिलेला ऐकला नाही.

याच टपऱ्यांवर पाय पसरून बसलं की हमखास कोणीतरी कळसूची गोष्ट सांगतं. ती तशी छोटी आहे आणि इंग्रजांच्या काळातल्या नगरच्या गॅझेटिअरातही नोंदलेली आहे. कळसू ही कोळ्याची पोर. रानात भटकायची आवड. एकदा ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला इंदोरे गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. अट एकच: भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बाकी काय हवं ते सांगा. काही दिवस छान गेले. मग एके दिवशी घरातल्या कोणीतरी, बहुधा पाहुणे वगैरे आले असतील, तिला भांडी घासायला सांगितली आणि केर भरायला लावला. तिने दोन्ही कामं केली. भांडण नाही, रडारड नाही. भांडी घासून झाली, केर टाकून झाला आणि ती उठली ती थेट डोंगरावर गेली. पुन्हा खाली आली नाही. जिथे भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर टाकला तो काळदरा, अशी नावं लागली.

मला ही गोष्ट फार आवडते. नोटीस पीरियड नाही, रिलीव्हिंग लेटर नाही. अटीचा भंग झाला, विषय संपला. रविवारी कळसूबाई चढणाऱ्या हजारो लोकांत खऱ्या अर्थाने घरातून निघालेली ही एकटीच. बाकी आपण सगळे डबा, सिलिंडरचा नंबर आणि परतीची लोकल खिशात घेऊन आलेले. आपल्याकडे बाईने कामाला ठाम नाही म्हटलं की दोनच गोष्टी होतात, एक तर तिला वेडी ठरवतात, नाहीतर तिची देवी करतात. देवी केलेली बरी. निदान मग भांडी घासायला लावता येत नाहीत.

गंमत पुढची. ही गोष्ट सांगणारा ट्रेकर ती रंगवून सांगतो. ऐकणारे "वा! काय बाणा!" म्हणतात. आणि तेवढ्यात सगळ्यांचं पिठलं संपलेलं असतं. खरकटी ताटं ढिगाने पुढे सरकवली जातात आणि ती घासायला शेजारी कोण बसलेलं असतं, हे गोष्टीच्या रंगात कोणाच्या लक्षात येत नाही. तिच्याच डोंगरावर, तिच्याच जातकुळीच्या बायका, तेच काम करत असतात. फरक एवढाच, की या निघून जाऊ शकत नाहीत; वर जायला आता जागा उरलेली नाही.

वर जायला जागा नाही म्हणजे शिखर आलं. खरंच आलं. शिखरमाथा लहान आहे आणि त्यावर कळसूबाईचं छोटंसं देऊळ. आत दोन-तीन माणसं वाकून उभी राहतील एवढंच. नवरात्रात इथे जत्रा भरते, आसपासच्या गावांतली माणसं रोज चढून येतात, आणि त्यांना "अजून किती?" असं विचारताना मी कोणालाच ऐकलेलं नाही. रविवारच्या लोकांचा क्रम वेगळा. आधी फोटो, मग देवी. त्यातही आधी झेंड्यासह, मग झेंड्याशिवाय, मग हवेत उडी मारून. उडीचा फोटो पहिल्या फटक्यात येत नाही. तीन तास चढून पाय थरथरत असताना माणूस फोटोसाठी सात वेळा उड्या मारतो, यावरून शरीरात शक्ती कुठे दडलेली असते याचा अंदाज येतो.

हवा स्वच्छ असेल तर इथून दिसणारा मुलूख पाहून बोलकी माणसंही गप्प होतात. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग ही दांडगी त्रयी. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी. १९२६ साली प्रवरेवर बांधून पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचं. त्यामागे रतनगड, त्याचं नेढं, आणि लांबवर हरिश्चंद्रगड. सप्टेंबरात गेलात तर उतारांवर सोनकी फुललेली असते आणि डोंगर पिवळा झालेला असतो. पण मराठी माणूस ट्रेकला जुलैत जातो. कारण पाऊस पडल्याशिवाय त्याला डोंगर आठवत नाही. जुलैत शिखरावरून काय दिसतं? पांढरं. चारी बाजूंना एकसारखं पांढरं. शेजारचा मित्रही कमरेच्या वरच दिसतो.

याने कोणाचंही काही अडत नाही. प्रत्येक ग्रुपमध्ये एक जाणकार असतो आणि तो त्या पांढऱ्यात हात लांबवून दाखवायला लागतो. "तो बघ अलंग. त्याच्या शेजारी मदन. आणि तो मागे, तिकडे, तो कुलंग." सगळे वळून बघतात, माना डोलावतात. "हां, हां, दिसला." नवीन मुलगी विचारते, "कुठे?" तिला तो दोन अंश डावीकडे बोट सरकवून दाखवतो. मग तिलाही दिसतो. पलीकडे दुसऱ्या ग्रुपचा जाणकार नेमक्या उलट दिशेला अलंग दाखवत असतो आणि तिथेही सगळ्यांना तो स्पष्ट दिसत असतो.

इतक्यात फोन वाजतो. खाली दरीत गेलेली रेंज शिखरावर अचानक भरभरून येते, आणि घर उरलेला चढ चढून वर पोचतं. "पोचलास का? बरं, ऐक. दळण कुठे ठेवलंस? आणि संध्याकाळी येताना कोथिंबीर आण, घोटीला स्वस्त मिळते." महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच माणसाला, त्या क्षणी खरोखरच तो सर्वांत उंच असतो, कोथिंबिरीची जुडी नीट बघून घ्यायला सांगितलं जातं. तो "हो" म्हणतो. कळसू "नाही" म्हणाली होती, म्हणून तिचं देऊळ झालं.

शिखरावर माणसं सरासरी किती वेळ थांबतात याची कुठे नोंद नाही, पण माझा अंदाज विचाराल तर बहुतेकांचा मुक्काम पाऊण तासाच्या आत आटोपतो, आणि त्यातला मोठा भाग फोटो बरा आला का हे बघण्यात जातो. मग थंडी वाजायला लागते, लोकलची वेळ आठवते आणि उतरण सुरू होते. चढताना दम लागतो, उतरताना अब्रू जाते. ओल्या कातळावर बसून, बुडाच्या आधाराने, पँट फाडत उतरणारे मोठमोठे अधिकारी मी पाहिले आहेत. कचेरीत त्यांच्यासमोर फाईल सरकायला महिना लागतो. इथे ते स्वतः सहज सरकतात.

याच उतरणीवर, दुसऱ्या शिडीच्या खाली, समोरून एक लालबुंद चेहरा वर येतो. कपाळावर केस चिकटलेले, ओठ कोरडे, एका हातात रिकामी बाटली. सकाळी हाच प्रश्न आपण विचारलेला असतो, म्हणून तो विचारण्याआधीच आपल्याला कळतो. "सर, अजून किती?" आणि आपल्या तोंडून, आपल्याही नकळत, बाहेर पडतं, "आलंच की!"

सोमवारी ऑफिसात हे लोक ओळखू येतात. लिफ्ट पहिल्या मजल्यासाठी लागते. खुर्चीत बसताना "आई गं" आणि उठताना "अगं आई गं". जेवणाच्या सुट्टीत ते सांगतात की ट्रेक तसा सोपा आहे, कोणीही करू शकतं, अगदी वीस-वीस मिनिटांचे टप्पे आहेत. पुढच्या रविवारची गर्दी अशीच तयार होते.

तुम्हीही त्या गर्दीत असणार, हे मला ठाऊक आहे. चौथीतला तो मार्क स्वस्थ बसू देत नाही. म्हणून चार विनंत्या. जमलं तर सोमवार ते शुक्रवार जा, आणि पाऊस ओसरल्यावर जा, म्हणजे बोटाच्या टोकाशी खरोखरचा अलंग सापडेल. स्पीकर घरी ठेवा. शेकरूला तुमची गाणी आवडत नाहीत. प्लास्टिक वर नेलंत तसं खाली आणा. केर टाकायला त्या डोंगरावर एक काळदरा पुरे आहे. आणि पिठलं-भाकरी पोटभर खा, पैसे न कुरकुरता द्या, पण ताट मात्र आपलं आपण उचलून, विसळून ठेवा. त्या डोंगरावर एका बाईला भांडी घासायला सांगितल्याचं काय झालं, ते वर देवळात जाऊन बघता येतं.